पार्वताबाईची फाइल

"हॅलो?… हॅलो, समाधान?… हां, येतोय आवाज… अरे येतोय म्हणते ना, मग ओरडतोस कशाला?… बसलेच आहे. कॉम्प्युटरसमोरच बसलेय. चादर काढली, धूळ झटकली, आता शिंकतेय… हसू नको. आई काय करतेय ते सांग आधी."

संघमित्राने मोबाइल कान आणि खांद्याच्या मध्ये दाबला आणि मान वाकडी केली. टायपिंगचं दुकान होतं तेव्हापासूनची तिची ही सवय. दोन्ही हात कीबोर्डवर, मान वाकडी, आणि तोंड चालू. दुकान अमळनेरला होतं. ते बंद पडून जमाना झाला. आता ती धुळ्यात देवपूरला राहते, पतसंस्थेत कारकून आहे आणि मानदुखीसाठी मलम लावते. पण सवय काही गेली नाही.

"उठली?… चहा घेतला?… आणि ओळखलं तुला?… 'दादा' म्हणाली! मग आज बरं आहे रे. परवा तर तुला गॅसवाला समजून दारातच थांबवलं होतं… नाही रे, चेष्टा नाही करत. हसू येतं आणि मग हसल्याचं वाईट वाटतं… हं. प्रज्ञा आहे ना तिच्याजवळ?… ती आहे तरी तूही तिथेच बस. खाटेवरच बस, फोन घेऊन. हे उघडलं की मी लगेच वाचायला लागणार. झोपू नको देऊ तिला. झोपून उठली की पुन्हा सगळं कोरं असतं, माहिताय ना तुला."

पार्वताबाई म्हणजे या दोघांची आई. आयुष्यभर जिनिंगमध्ये कापूस निवडला, दोन्ही पोरांना शिकवलं, आणि आता एकेक गोष्ट तिच्या डोक्यातून निसटत चालली होती. आधी डब्यांच्या जागा गेल्या, मग शेजाऱ्यांची नावं, मग नवरा जाऊन किती वर्षं झाली ते. शेवटी सुनेला, प्रज्ञाला, ती पाहुणीबाई म्हणू लागली. आणि असं सगळं निसटत असताना मागच्या आठवड्यात तिने जेवता जेवता घास खाली ठेवला आणि विचारलं, 'मन्हं पुस्तक कुठे शे?'

समाधानला वाटलं, आई काहीतरी बरळतेय. त्याने रात्री बहिणीला सहज सांगितलं. बहिणीला मात्र झोप लागली नाही.

कारण पुस्तक होतं. एका उन्हाळ्यात, लग्नसराईच्या ऐन धामधुमीत, पार्वताबाई रोज दुकानात स्टुलावर येऊन बसायची आणि जन्मापासूनची आपली हकिकत अहिराणीत सांगायची. संघमित्रा दोन पत्रिकांच्या मधल्या वेळात ती टाइप करायची. पन्नासेक पानं झाली होती. 'आई, लग्नसराई संपू दे, चांगल्या कागदावर छापू, बायंडिंग करू,' असं ती म्हणत राहिली. लग्नसराई संपली, दुसरी आली, तिसरी आली. एक साधी प्रिंटसुद्धा कधी काढली गेली नाही.

"हो रे बाबा, माझीच चूक. मी कुठे नाही म्हणते?… एक प्रिंट काढून ठेवली असती तर आज हे लॉक आणि ड्रायव्हर करत बसले असते का मी?… रोज दुसऱ्यांच्या पत्रिका काढत होते. शंभर शंभर, दोनशे दोनशे. आईची पन्नास पानं नाही निघाली माझ्याच्याने… पण समाधान, तूही शहाणपणा नको शिकवू हं. कॉम्प्युटर फॉरमॅट कोणी मारला?… स्लो झाला होता म्हणून?… तुझ्याकडे त्या वेळी सगळ्या दुखण्यांवर एकच औषध होतं. माउस नाही चालला, मार फॉरमॅट. माणसं कॉम्प्युटर नव्हती म्हणून वाचली तुझ्या हातून!"

समाधान त्या काळी कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. आता अमळनेरच्या बसस्टँडजवळ मोबाइलच्या काचा बदलतो. त्याने फॉरमॅट मारला तेव्हा आईची फाइल डिस्कच्या दुसऱ्या कप्प्यात होती, म्हणून शाबूत राहिली. फाइल दिसत होती, नावही दिसत होतं, 'आई'. पण ती उघडायची फक्त त्या जुन्या मराठी सॉफ्टवेअरमध्ये. तेही त्याच कप्प्यात वाचलं होतं, पण चालायचं फक्त लॉक लावलं तर. लॉक म्हणजे कॉम्प्युटरच्या पाठीमागे खोचलेली अंगठ्याएवढी डबी. अन् त्या डबीची कॉम्प्युटरशी ओळख करून देणारा ड्रायव्हर फॉरमॅटबरोबर पुसला गेला होता. नव्या कॉम्प्युटरवर फाइल टाकून पाहिली, तर पडदाभर नुसत्या किड्यामुंग्या.

"बरं, काल पारोळ्याला गेला होतास, त्याचं काय झालं?… मामा भेटला?… आणि सीड्या?… अजून टांगलेल्याच आहेत?… ज्वारीत? अजून?… मग!"

तिने कपाळाला हात लावला. आता याला काय म्हणावं? ड्रायव्हरची मूळ सीडी घरातच होती, डब्यात, बाकीच्या सीड्यांबरोबर. पण वनामामाच्या ज्वारीवर पाखरं फार पडायची, आणि समाधानने मोठ्या उदार मनाने अख्खा डबा मामाला देऊन टाकला. मामाने सुतळी ओवून शेतभर टांगल्या.

"चांदी उडालीय म्हणजे पूर्ण?… आरपार दिसतं? काचेसारखं?… अरे देवा. एवढ्या उन्हात राहणार तरी काय म्हणा… आणि पाखरं?… सीडीवरच बसतात? झोके घेतात?… म्हणजे पाखरंही गेली नाहीत आणि वर ड्रायव्हरही गेला! वा रे वा… नाही, मामाला काही बोलू नको. त्याला काय ठाऊक बिचाऱ्याला. आपणच दिल्या… बरं, ऐक ना. जळगावच्या तुझ्या मित्राने ड्रायव्हरचं जे पाठवलं, ते मी घेतलंय. ऐक, ऐक, सांगते. आधी पेनड्राइव्हमध्ये घेतलं. तो लावला याला. तर हा कॉम्प्युटर पेनड्राइव्हला ओळखतच नाही. म्हणतो, ड्रायव्हर द्या… हो! पेनड्राइव्हचा ड्रायव्हर! तो कुठे? तर पेनड्राइव्हमध्ये!… हस, हस. मी काल रडायच्या बेतात होते… विंडोज अठ्ठ्याण्णव आहे रे हे, त्याच्या वेळी पेनड्राइव्ह होते कुठे. मग आमच्या गल्लीत धनसिंगचा फोटो स्टुडिओ आहे, त्याच्याकडे अजून सीडी रायटर आहे. त्याच्याकडून सीडी करून आणली. 'ताई, हे कोण वापरतं आता?' म्हणे. म्हटलं, आमची आई वापरते… तर काय सांगू त्याला?"

सीडी आत गेली. घरघर, घरघर, मग खट्. पंख्याने असा काही आवाज केला की स्वयंपाकघरातून मिस्टरांनी डोकावून पाहिलं. संघमित्राने हातानेच 'काही नाही' केलं.

"दिसली… तीन फोल्डर आहेत. कोणतं घेऊ?… पहिलं मी मघाशी करून पाहिलं. म्हणालं, या विंडोजवर चालणार नाही… दुसरंही तेच… तिसरं? बरं, तिसरं. थांब… सेटअप… दाबला… काळा चौकोन आला… गेला… आला पुन्हा. पांढरी अक्षरं पळताहेत… थांबलं. 'ड्रायव्हर इन्स्टॉल झाला.' समाधान! झाला म्हणतोय!… हो, हो, रिस्टार्ट मागतोय… करू?… करते. जय भीम म्हण, मी करते."

जुना कॉम्प्युटर रिस्टार्ट होणं म्हणजे म्हातारा माणूस जिना चढणं. तो थांबत थांबत चढत होता, आणि संघमित्राचा जीव वरखाली होत होता.

"होतंय रे, चालू होतंय… आई काय करतेय?… खिडकीतून बघतेय? काय बघतेय?… बरं बघू दे. बोलत राहा तिच्याशी… काय बोलू म्हणजे? काहीही बोल. दोडक्याचा भाव सांग… हां, आला, आला. डेस्कटॉप आला. सॉफ्टवेअरवर क्लिक करते… फिरतंय घड्याळ… फिरतंय…"

आणि पडद्यावर तीच जुनी सूचना उमटली: लॉक सापडले नाही.

"नाही… नाही सापडलं म्हणतंय… अरे लॉक लावलेलंच आहे! हाताने दाबून बघतेय मी… काढून? बंद करून काढू, परत लावू?… बरं… हो, बंद केला… काढलं… पदराने पुसलं… लावलं, स्क्रू पिळले… चालू करतेय… समाधान, हे नाही झालं तर?… नाही, मला सांग, नाही झालं तर काय? जळगाव, धुळे, नाशिक, सगळीकडे विचारून झालं. सॉफ्टवेअरवाल्या कंपनीचा फोनच लागत नाही. नव्या विंडोजचा ड्रायव्हर सगळे देतात, जुन्याचा कोणी विचारत नाही. आणि आईकडे तरी वेळ कुठे आहे? आज तिने पुस्तक मागितलंय. आज तिला ठाऊक आहे की पुस्तक आहे, आणि ते तिचं आहे. पुढच्या महिन्यात घेऊन गेले आणि म्हणाली कोणतं पुस्तक, तर मी काय करू त्याचं?"

इतके दिवस मनात घोळत होतं ते एकदाचं तोंडातून बाहेर पडलं होतं. तिने पुन्हा क्लिक केलं. घड्याळ पुन्हा फिरलं.

"नाही. तेच… 'लॉक सापडले नाही.'… राहू दे समाधान. तुझं दुकान उघडायचं असेल… काय?… कोण बोलतंय मागे?… आई? काय म्हणतेय?… नाही रे, नंतर ऐकते तिचं, आधी हे… काय म्हणाली? 'पहिले मोठं मशीन लाव'?… कोणतं मशीन?… शिवणयंत्र म्हणत असेल… पुन्हा म्हणाली?… 'मोठं मशीन लाव, मंग पोरगीनं काम चालू व्हस'… थांब. थांब, समाधान! एक मिनिट बोलू नको!"

जिनिंगला जायच्या आधी रोज सकाळी पार्वताबाई दुकानात यायची आणि संघमित्राच्या आधी आत जायची. आधी बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीला हात जोडायची, मग त्या जुन्या, ट्रंकेएवढ्या प्रिंटरचं बटण दाबायची. प्रिंटरला ती मोठं मशीन म्हणायची. तो प्रिंटर लॉकच्याच पाठीत जोडलेला असे, आणि तो बंद राहिला तर लॉकही कॉम्प्युटरला दिसत नसे. हे त्या काळच्या प्रत्येक टायपिंगवाल्याला ठाऊक होतं. संघमित्रालाही होतं. पण बटण तिने स्वतः कधी दाबलंच नव्हतं, ते आईचं काम होतं, आणि म्हणून ती विसरली होती.

"अरे, प्रिंटर! प्रिंटर बंद आहे! मागे जोडलाय, पण बंद!… आईला आठवलं, समाधान! आईला आठवलं आणि आपल्याला नाही!… थांब, वायर शोधते… प्लगवर धान्याची कोठी आलीय… अहो! अहो, जरा इकडे या, ही कोठी सरकवा!… तुला नाही रे, ह्यांना म्हटलं… हां. लावला. बटण दाबते… लागला दिवा! हिरवा लागला!… आता सॉफ्टवेअर… फिरतंय… फिरतंय…

"उघडलं.

"उघडलं रे समाधान. उघडलं… हो, फाइल. 'आई'. थांब… अक्षरं आली. सगळी नीट आली. काना, मात्रा, वेलांटी, सगळं जागच्या जागी… प्रिंट? नाही निघणार. नुसता दिवा लागतो, रिबन वाळून कडक झालीय. राहू दे, मोबाइलने पडद्याचे फोटो काढीन मी, एकेक पानाचा. आधी वाचू दे. आई जागी आहे ना?… फोन तिच्या कानाला लाव. नीट धर हं, तिच्या हातात नको देऊ.

"आई?… आई, मी बोलतेय गं. तू पुस्तक मागितलंस ना? ते सापडलं. वाचू?… हां. ऐक.

"'मन्हं नाव पार्वता. मन्हा बाप चिंधा. आम्हनं गाव बोरी नदीना काठवर. मन्हं लगीन व्हयनं तवय नदीले पूर येल व्हता. बैलगाडी पाणीमा गई आन् मन्ही पेटी वाही गई. पेटीमा दोन लुगडा व्हतात, आन् मायनी दिन्हेली आरसी व्हती. आठ दिन आंगवर तेच एक लुगडं. मंग सासूनी तिनं सोतानं लुगडं काढी दिन्हं. म्हणे, पाणीनी पेटी लिन्ही, तुले सोडी दिन्हं, हाई काय कमी शे?'

"आई?… ऐकलंस ना?… समाधान, काय करतेय ती?… डोळे पुसतेय?… काय म्हणतेय? मला ऐकू नाही आलं, फोन जवळ धर ना… हां आई, बोल. बोल गं.

"काय?… 'त्या पोरनी पेटी सापडनी का?'

"कोणत्या पोरीची, आई?"

'अगं, तूच ती,' हे संघमित्राच्या अगदी जिभेवर आलं होतं. पण परवाची गोष्ट तिला आठवली. समाधान आईला पुन्हा पुन्हा सांगत होता, मी गॅसवाला नाही, तुझा मुलगा आहे, तुझा मुलगा. ते पटल्यावर पार्वताबाई इतकी घाबरली, की संध्याकाळभर पोटच्या पोराला हात जोडून माफी मागत बसली होती. संघमित्राने जीभ चावली. तिला भयंकर वाईट वाटत होतं. दोन वर्षांपूर्वी हे वाचलं असतं, तर आईने मधेच अडवून चार गोष्टी वर सांगितल्या असत्या.

"नाही, आई. नाही सापडली पेटी… हो ना, बिचारी… लहान होती, फार लहान होती गं… हो, सासू चांगली होती तिची. नशीब… मी?… मी कोण?…

"मी टायपिंगवाली आहे… हो, तीच. बाजारातली… हो, पत्रिका करते ना, तीच मी… नाही, घाई नाही मला. आज गिऱ्हाईक नाही… पुढे? पुढे पुष्कळ आहे. ती अमळनेरला आली, जिनिंगमध्ये लागली. मुलं झाली तिला. एक मुलगी, एक मुलगा… काय?… चांगली निघाली का?"

पलीकडून पुन्हा तोच प्रश्न आला.

"हो… हो, आई. तिने तरी तसंच सांगितलंय… नाही, खोटं कशाला सांगेल ती?… वाचते ना. पुढचंही वाचते, तू नीट टेकून बस."

ती वाचत राहिली. सासरचं घर, पहिल्या दिवशी कापसाच्या धुळीने आलेला खोकला, रात्रीच्या वर्गात शिकलेली सही. पलीकडून मधूनमधून 'मंग?' येत होतं. मग तेही यायचं बंद झालं.

"हॅलो?… आई?… समाधान?… झोपली?… कुठपर्यंत ऐकलं तिने?… सहीपर्यंत? हसली?… बरं. पांघरूण घाल तिला… हो, रडतेय. रडू दे मला… तू कशाला रडतोस? तुझ्या फॉरमॅटमुळे नाही गेलं काही, फाइल आहे की सगळी. गेलं ते दुसरंच. आणि ते आपण दोघांनी मिळून घालवलं… हं… हं… उद्या लाव ना फोन, याच वेळी. ती चहा घेऊन बसली की… सहीच्या पुढून कसं वाचणार? तिला काय कळणार, कोणाची सही, कोण बाई…

"नाही रे. पहिल्यापासून वाचीन… रोज वाचावं लागलं तरी वाचीन… हो. टायपिंगवालीचा फोन आहे म्हणून सांग तिला… ठेव आता."